गावच्या जुन्या महादेवाच्या देवळाला हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात काळ्या दगडाचं जुनं हेमाडपंती महादेवाचं देऊळ आहे, पावसाळ्यात मंडप गळतो, गाभाऱ्यात पाणी साचतं, शिखरावर पिंपळ उगवलाय, आवारात दक्षिणेला मोकळी जागा आहे. कमिटीकडे वर्गणी जमलीय आणि ठरलंय असं की मंडपावर आरसीसी स्लॅब टाकायचा, पुढे मोठा हॉल जोडायचा, आत ग्रॅनाइट आणि बाहेरून सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून सफाई. विचारणाऱ्या दादांचं म्हणणं, देवळाची मूळ रचना काय असते आणि का असते ते कोणीतरी नीट सांगा, म्हणजे मला मीटिंगमध्ये तोंड उघडता येईल.

मी पंचवीसेक वर्षं जुन्या दगडी देवळांच्या दुरुस्तीचं काम करतोय, आर्किटेक्ट आहे पण खरं शिक्षण पाथरवटांकडे झालं, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी ते 'हेमाडपंती' बाजूला ठेवू. हेमाद्री पंडित म्हणजे हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता अंबरनाथचं शिवमंदिर बघा, तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहारांच्या काळातलं. हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी आपण त्यालाही बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतो. आपल्याकडे चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून बांधलेलं काहीही जुनं दिसलं की ते हेमाडपंती. म्हणा, हरकत नाही, सगळा गाव म्हणतो. फक्त त्या शब्दातून एक गोष्ट लक्षात ठेवायची, की तुमच्या देवळात दगड एकमेकांना चिकटवलेले नाहीत. ते नुसते वजनाने बसलेत, कुठे खाच-कुसू म्हणजे एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत, कुठे लोखंडी चाप, बाकी सगळं वजन. सगळं उत्तर इथूनच सुरू होतं.

दगडाला दाबलेलं चालतं, वाकवलेलं चालत नाही. बेसॉल्टची तुळई दोन खांबांवर आडवी ठेवली की तिच्या पोटाला ताण येतो आणि आठ-दहा फुटांच्या पुढे गेलात तर ती कधीतरी मधोमध तडकणार. म्हणून जुन्या मंडपात इतके खांब असतात, लोकांना वाटतं शोभेसाठी, तर तसं नाही, शोभा नंतर आली. खांब आला की त्याच्या डोक्यावर चारी बाजूंनी तुळयांना आधार देणारं शीर्ष आलं, आणि आधार देतोय म्हटल्यावर कारागिराने तिथे कीचक बसवला, तो ढेरपोट्या यक्ष, दोन्ही हातांनी छत तोलून धरणारा. मग चार तुळयांचा चौकोन झाला, तो वरून झाकायचा कसा? एवढी मोठी एकसंध शिळा कुठून आणणार. म्हणून चारी कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकायच्या, आत लहान चौकोन होतो, तो आधीच्याला तिरका. त्याच्या कोपऱ्यांवर परत तिरक्या शिळा, आणखी लहान चौकोन, शेवटी मध्ये एक कमळ कोरलेला दगड. किंवा गोल थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला, त्याला वितान म्हणतात. मान वर करून बघितलं की आपण नक्षी बघतो. मी शेपटी बघतो, म्हणजे प्रत्येक दगडाचा जेवढा भाग आत पुढे आलाय त्यापेक्षा जास्त भाग मागे भिंतीकडे वजनाखाली दाबलेला असतो, तो. तो दाब आहे म्हणून पुढचा भाग खाली येत नाही.

आणि हा दाब कोण देतं? मंडपाच्या छतावर जी माती, विटा, दगडगोटे, चुन्याचा कोबा असा भराव असतो ना, तो. तुमच्या कमिटीतल्या कोणीतरी नक्की म्हटलं असेल की वरचा सगळा 'कचरा' काढून टाकू आणि मग स्लॅब टाकू. एका गावात हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मी पोचेपर्यंत दोन दिवसांत पोरांनी छत झाडून साफ केलेलं, सगळे खूश, आणि आतल्या वितानाचे दोन दगड बोटभर खाली उतरलेले. रातोरात खालून सागाचे टेकू लावले, मग बाजूंनी भराव परत टाकला, ते छत वाचलं, पण मला पुढे आठवडाभर झोप नाही. त्यामुळे छतावर जे आहे ते विचारल्याशिवाय काढू नका, एवढं एक वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने बोला.

आता मांडणीकडे येतो. साधं देऊळ पुढून मागे असं: नंदी, मग मुखमंडप म्हणजे छोटी पडवी, तिथे बहुतेक वेळा टेकून बसायचे दगडी बाक, त्यांना कक्षासन म्हणतात, मग सभामंडप, मग अंतराळ म्हणजे गाभाऱ्याआधीचा अरुंद बोळ, आणि मग गाभारा. जमिनीत कासव बघा सभामंडपात, नंदीच्या आणि पिंडीच्या रेषेत. उन्हातून आत येताना उजेड टप्प्याटप्प्याने कमी होत जातो, छत खाली येत जातं, आणि गाभाऱ्यात पोचेस्तोवर समईशिवाय काही दिसत नाही, आवाजही बदलतो. अंबरनाथला तर सभामंडपातून बऱ्याच पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. (तिथे शिखर वरपर्यंत नाही त्यामुळे वरून उजेड येतो ते वेगळं.) अशा जागी चार एलईडी फ्लडलाइट आणि पांढऱ्या टाइल्स लावल्या की पंचवीस पावलांचा सगळा प्रवासच संपला, मग तो गाभारा आणि बँकेची लॉकर रूम यात फरक काय.

भिंती एवढ्या जाड का, हे लोक नेहमी विचारतात. वराहमिहिराच्या बृहत्संहिता या जुन्या ग्रंथात याचं मापच दिलंय आणि गंमत म्हणजे ते तोंडी करता येतं. देवळाच्या रुंदीच्या दुप्पट उंची. रुंदीच्या निम्मा गाभारा, उरलेलं निम्मं भिंतींचं. गाभाऱ्याच्या पाव भाग दरवाजाची रुंदी, रुंदीच्या दुप्पट दरवाजाची उंची. दरवाजाच्या उंचीतून आठवा भाग वजा केला की पीठासकट मूर्तीची उंची, त्यातले दोन भाग मूर्ती आणि एक भाग पीठ. समजा देऊळ २४ हात रुंद आहे. गाभारा १२ हात, दोन्हीकडच्या भिंती सहा-सहा हात. दरवाजा तीन हात रुंद, सहा हात उंच. मूर्ती पीठासकट सव्वापाच हात, त्यात मूर्ती साडेतीन आणि पीठ पावणेदोन. उंची ४८ हात. एक माप धरलं की बाकी सगळं त्यातून निघतं, म्हणून एक माप बदललं की सगळं बिघडतं. प्रत्येक देऊळ या हिशोबाने तंतोतंत बसतं असं मुळीच नाही, नंतरच्या ग्रंथांची आणि प्रदेशांची मापं वेगवेगळी आहेत, पण विचार हाच. सहा हाताच्या भिंती म्हणजे ढोंग नाही, वरचं अख्खं शिखर त्यांच्यावर उभं आहे. त्यामुळे गाभारा लहान पडतो, भिंत आतून तासून घेऊ, असं कोणी म्हणालं (म्हणतात हो, मी ऐकलंय) तर त्याला हे गणित दाखवा.

तळाची आखणी म्हणाल तर वास्तुपुरुष मंडल, म्हणजे तळाचा चौकोनी घरांचा पट, सगळ्यांनी ऐकलेलं असतं, देवळाला ६४ घरांचं किंवा ८१ घरांचं, मधली घरं ब्रह्माची. मला जास्त भावते ती चांदणीच्या आकाराची आखणी. सिन्नरचं गोंदेश्वर, अंबरनाथ ही भूमिज पद्धतीची देवळं, नागर म्हणजे उत्तरेकडच्या धाटणीच्या शिखराचाच एक प्रकार, माळव्यात उदयपूरच्या उदयेश्वरालाही हाच. या घराण्याच्या कित्येक देवळांत बाहेरची भिंत सरळ नसून कोपरेच कोपरे असते. ती आखायला फक्त एक खुंटी आणि एक दोरी लागते. चौकोन काढायचा, त्याच मध्याभोवती तो थोडा थोडा फिरवत न्यायचा, सगळे कोपरे एकाच वर्तुळावर येतात. एका म्हाताऱ्या पाथरवटाने मला हे अंगणात विटकरीच्या तुकड्याने काढून दाखवलं तेव्हा कॉलेजची पाच वर्षं आठवून मला लाज वाटली. शिखरावर मग चार दिशांना खालून वर जाणाऱ्या चार सरळ पट्ट्या, त्यांना लता म्हणतात, आणि मधल्या चार जागांत छोटी छोटी शिखरं माळेतल्या मण्यांसारखी ओळीने, वर जाताना बारीक होत गेलेली. त्याच्यावर आमलक, तो आवळ्यासारखा पाकळ्यांचा चपटा दगड, आणि कळस. दगड जड असतो म्हणून आमलक खालच्यांना दाबूनही ठेवतो. तुमच्या शिखरावर आमलक आहे का पडलाय ते कळवा, बऱ्याच ठिकाणी तो देवळामागे बाभळीत पडलेला असतो आणि पोरं त्यावर बसतात.

बाहेरून खालपासून वर वाचायचं: जोतं, मग जंघा म्हणजे मूर्तींची भिंत, मग शिखर. जोत्यात नुसते पट्टे दिसतात, कुठे गजथर, कुठे नरथर, कुठे कीर्तिमुखांची ओळ. जंघेवर गाभाऱ्याच्या तीन बाजूंना मधोमध एक-एक मोठा कोनाडा असतो, देवकोष्ठ, शिवमंदिरात तिथे बऱ्याचदा नटराज, अंधकासुरवध, चामुंडा असे. मधे सुरसुंदरी, म्हणजे कोरलेल्या अप्सरा. दाराच्या वरच्या पट्टीत मधोमध छोटी मूर्ती असते ते ललाटबिंब. हे सगळं मी इथे भराभरा सांगून टाकतोय कारण याच्यावर बोलणारे खूप आहेत, पाण्यावर बोलणारं कोणी नाही.

तर पाणी. महादेवाचं देऊळ म्हणजे रोज आत पाणी ओतायची इमारत. दुसऱ्या कुठल्या इमारतीत हे होत नाही. अभिषेकाचं पाणी शाळुंकेवरून वाहतं, गाभाऱ्याच्या भिंतीतल्या वाटेने बाहेर, तिथे मकरमुख किंवा गोमुख. देऊळ पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर ही वाट उत्तरेला. तुम्ही महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही ना, सोमसूत्री घालता, त्या तोटीपर्यंत जाऊन परत फिरता, ती तोटी हीच. म्हणजे गावातल्या प्रत्येक आजीला माहितीय की ही वाट ओलांडायची नाही, आणि कमिटीला ती बुजवायची मात्र असते.

तुमच्या गाभाऱ्यात पाणी का साचतं? फोटो न बघता सांगतो, दहातल्या आठ ठिकाणी कारण एकच. देवळाभोवती आवार दर काही वर्षांनी उंचावत जातं. आधी मुरूम, मग शहाबादी फरशी, मग आमदार निधीतून काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. प्रत्येक वेळी चार-सहा इंच. एक दिवस जोत्याचे खालचे दोन थर जमिनीत गेलेले असतात, गोमुख जमिनीच्या पातळीला आलेलं असतं आणि पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. एका देवळात मला सांगितलं की गाभाऱ्यात गुप्त झरा आहे, श्रावणात आपोआप गंगा येते. उत्तरेच्या बाजूचे पेव्हर ब्लॉक उचलले, दीड फूट उकरलं, खाली कोरीव गोमुख निघालं, सिमेंटने गच्च बंद. तोंड मोकळं केलं, उतार दिला, गंगा गेली. दोन म्हातारे आजही माझ्याशी बोलत नाहीत.

म्हणून पहिला खर्च देवळावर नाही, देवळाभोवती करा. नळी घेऊन लेव्हल काढा, आवार मूळ जोत्यापर्यंत खाली न्या, चारी बाजूंनी बाहेर उतार, उत्तरेला दगडी गटार. हे काम जपून, हाताने, जेसीबी नाही, कारण उकरताना वीरगळ, सतीशिळा, तुटलेल्या मूर्ती निघतात आणि जेसीबीला त्या दिसत नाहीत.

गळती. मंडपाच्या छतावर सिमेंटचा थर आधीच कोणीतरी मारला असेल तर तोच गुन्हेगार असायची शक्यता मोठी. सिमेंट कडक, दगड उन्हात तापतो-निवतो, जोड उघडतो, पाणी आत जातं आणि सिमेंट ते परत बाहेर पडू देत नाही. चुना जरा हलतो, जरा श्वास घेतो. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भरायच्या. चुना भिजवून मुरवलेला, घाण्यात मळलेला, वाळू, विटांची भुकटी, गूळ आणि हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, आमच्याकडचे मिस्त्री प्रमाण जागेवर ठरवतात आणि मी त्यांच्यात पडत नाही. वेळ लागतो, महाशिवरात्रीपर्यंत पाहिजे म्हणाल तर होणार नाही.

आरसीसी स्लॅबचा हिशोब करा. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०० किलो, २० बाय २० फुटांच्या मंडपावर अकरा टनांच्या वर. आता कोणी हुशार म्हणेल, तुम्हीच म्हणालात ना वजनाने देऊळ उभं राहतं. बरोबर. पण भराव सुट्टा असतो, तो दगडांबरोबर हलतो, स्लॅब एकसंध पाटी असते, उन्हात ती लांबते आणि वरच्या थरातले दगड बाहेर ढकलते, आणि तिच्या सळया गंजल्या की फुगतात. जुन्या लोखंडी चापांचंही तेच होतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि दगडाचा कोपरा उडवतो. नवा चाप लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा.

पिंपळ ओढून काढू नका, हात जोडून सांगतो. मुळं जोडांत शिरून जाड झालेली असतात, ओढलं की दगड घेऊन बाहेर येतं. बुंधा कापायचा, साल सोलायची, औषध लावायचं, मुळं आतल्या आत मरू द्यायची, जिथे पोकळी राहील तिथे पातळ चुना सोडायचा. आणि गावात भावनेचा प्रश्न होणारच, तर त्याची फांदी दुसरीकडे रोवा, मीटिंग शांत होते.

सँडब्लास्टिंग आणि ऑइलपेंट दोन्हींना नाही म्हणा. दगडाच्या अंगावर टाकीचे घाव असतात, नऊशे वर्षांपूर्वी कोणाचा तरी हात कसा फिरला ते त्यात दिसतं, वाळूच्या माऱ्याने ते एका दुपारी जातात. जुना ऑइलपेंट काढायला वेगळा माणूस लागतो, दगडाचं रसायन कळणारा, तो बोलवा, ॲसिड ओतू नका.

देऊळ कुठल्या खात्याच्या यादीत आहे का ते तलाठ्याला नको, पुरातत्त्व विभागाला विचारा. केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याचा कायदा वेगळा, १९६० चा. यादीत नसलं तरी पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या भागातल्या सहायक संचालकांच्या ऑफिसला पत्र टाकून ठेवा. पत्र असलं की कमिटी दोन महिने थांबते, तेवढे पुष्कळ.

राहिला हॉल. हॉलला माझा विरोध नाही. लोकांना भजनाला, सप्ताहाला, लग्नाला जागा लागते, ती गरज खरी आहे, आणि पूर्वीही लोकांनी जुन्या दगडी गाभाऱ्यापुढे लाकडी सभामंडप जोडलेत, पेशवाईत तर सर्रास. पण ते लाकडाचे होते, हलके होते, स्वतःच्या खांबांवर उभे होते आणि काढता यायचे. तुमचा हॉल देवळाला चिकटवू नका. आवारात बाजूला घ्या, दक्षिणेला जागा आहे असं तुम्ही लिहिलंयच. समोर तर नकोच, कारण नंदी. नंदीच्या शिंगांमधून पिंड दिसली पाहिजे, आणि तुमच्या हॉलचा खांब नेमका त्या रेषेत येणार, कंत्राटदाराचा खांब नेहमी तिथेच येतो. कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वाराकडून आत मूर्तीपर्यंत येतात, त्या वाटेत इमारती आणि अडथळे आले की किरणोत्सव अर्धवट राहतो आणि दरवर्षी त्याची चर्चा होते. तुमच्या देवळाचं तोंड कुठे आहे, कुठल्या महिन्यात ऊन कुठपर्यंत येतं, हे गुरवाला विचारा, त्याला माहिती असतं. त्याला मीटिंगला बोलवत नाहीत हेही मला माहितीय.

आणखी एक, खिद्रापूरला एकदा जाऊन या, शक्यतो कमिटीला घेऊन, एसटीने जा, गाडीने जा. तिथल्या कोपेश्वर महादेवाच्या देवळात पुढे जो स्वर्गमंडप आहे, त्याच्या छताला मधोमध मोठं गोल भोक आहे, मुद्दाम ठेवलेलं, खाली तेवढीच गोल शिळा. खांब गोलाकार मांडलेत आणि वर आकाश. आमच्या बरोबर आलेले एक सरपंच वर बघून पहिलं वाक्य बोलले, यावर पत्रा टाकायला पाहिजे. मी काही बोललो नाही, त्यांना तिथेच शिळेवर दहा मिनिटं उभं केलं. खाली उतरले ते पत्र्याबद्दल परत बोलले नाहीत.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. भेगा असतील तिथे काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवा आणि वर तारीख लिहा, पट्टी तुटली तर भेग चालू आहे, तुटली नाही तर ती जुनी आहे आणि घाई नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन देवळात जा, मोबाइलवर शूटिंग नको, खडू घ्या. पाणी जिथून टपकतंय तिथे खाली फरशीवर गोल करा, वेळ लिहा, पाऊस थांबल्यावर किती वेळाने टपकायचं थांबतं तेही लिहा. लगेच थांबलं तर जोड उघडा आहे, दुसऱ्या दिवशीपर्यंत टपकत राहिलं तर भराव पाणी धरून बसलाय आणि वरचा कोबा गेलाय, दोन्हींचं काम वेगळं आणि खर्चही वेगळा. मग त्या खडूच्या खुणांचा एक साधा कागद करा, खांबांना नंबर द्या, गोमुखापासून जमीन किती खाली आहे का वर आहे ते टेपने मोजा, आणि तो कागद मला पाठवा. तोपर्यंत कंत्राटदाराला ॲडव्हान्स देऊ नका.